बदलाची तारीख ठरवण्याआधी आमच्याकडून एकदा सराव करून घ्या

प्रति,
माननीय अध्यक्ष,
केंद्रीय अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळ,
नवी दिल्ली



तंजावूरच्या राजवाड्याभोवतीच्या लहान लहान दुकानांतून जगभर माल जातो, आणि तो पाठवणाऱ्या बहुतेकांकडे कस्टम्सचा एजंट नाही. मान डोलावणारी बाहुली, सोन्याचा वर्ख लावलेले चित्र, पितळेवर चांदी-तांब्याचे उठाव बसवलेले ताट, नेट्टी या वनस्पतीच्या पांढऱ्या गाभ्यातून कोरलेले बृहदीश्वराचे देऊळ. माल हलका, नाजूक आणि थोडा. कंटेनर भरेल इतका कधीच नसतो. तो पोस्टाने जातो, कुरियरने जातो, कधी ट्रान्सपोर्टच्या गाडीत इतरांच्या मालाबरोबर जातो. म्हणून तुमच्या मंडळाची संगणक व्यवस्था बदलते तेव्हा तिचा पहिला धक्का तुतुकुडी बंदरातल्या मोठ्या निर्यातदाराच्या आधी आमच्या गल्लीला बसतो.

मी याच परिसरात राहणारा तंजावुरी मराठी. घरात मराठी, बाजारात तमिळ. शेजारच्या कारागिरांची बिले, मालवाहतुकीची ई-वे बिले आणि परदेशी पार्सलांचे अर्ज भरून देणे हे माझे काम. पत्र मराठीत लिहिले, कारण आमच्या मालाचे पुष्कळ गिऱ्हाईक पुण्या-मुंबईत आहे आणि कागद अडला की वाट त्यांनाही पाहावी लागते.

आधी चांगले ते सांगतो. डिसेंबर २०२२ मध्ये तुम्ही टपालाने होणाऱ्या निर्यातीसाठी नवे नियम आणले. त्याआधी निर्यातीचा कागद घेऊन परदेशी टपाल कार्यालयापर्यंत जावे लागे. तंजावूरच्या माणसाला त्यासाठी चेन्नई गाठणे आले, म्हणजे एका पार्सलामागे एक मुक्काम. आता अर्ज घरबसल्या ऑनलाइन भरता येतो, पार्सल जवळच्या डाकघर निर्यात केंद्रात द्यायचे, आणि कस्टम्सचा अधिकारी परदेशी टपाल कार्यालयात बसून तो अर्ज पडद्यावर पाहतो. शंका आली तरच पार्सल उघडतो. लहान गावातल्या कारागिरासाठी इतका उपयोगी बदल गेल्या कित्येक वर्षांत दुसरा झालेला नाही. त्यामुळे हे गाऱ्हाणे संगणकाविरुद्ध आहे असे कृपया समजू नका. संगणक आम्हाला हवा आहे. आम्हाला हवा आहे तो त्याच्या आधीचा सराव.

अर्ज भरताना काय होते, ते दिल्लीहून दिसत नसेल म्हणून सांगतो. आमची तलैयाट्टी, म्हणजे मान डोलावणारी बाहुली घ्या. कागदाचा लगदा, प्लास्टर, वर रंग. डोके, धड आणि घागरा वेगवेगळे, एकमेकांवर तोललेले. अर्जात तिचा वर्गीकरण क्रमांक लिहायचा असतो. ती खेळणे आहे का शोभेची वस्तू? जकातीच्या यादीतल्या खेळण्यांच्या प्रकरणात टाकली तर युरोपातले गिऱ्हाईक खेळण्यांच्या सुरक्षेचे चिन्ह मागते, कारण तिथे मुलांच्या हाती जाणाऱ्या वस्तूंचे नियम कडक आहेत. शोभेची वस्तू म्हटली, तर पुढचा प्रश्न: मुख्य घटक लगदा का प्लास्टर? बाहुली बनवणाऱ्या बाईला तिच्या प्लास्टरचा, लगद्याचा, रंगाचा थर न् थर ठाऊक आहे. हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता, एवढेच. चित्राचेही तसेच. संपूर्ण हाताने काढलेल्या चित्राला एक क्रमांक. पण फळीवर कापड, त्यावर चुन्याचा उठाव, त्यावर वर्ख आणि काचेचे खडे असले की अर्ज भरणाऱ्याचा हात थांबतो. जुन्या कागदी पद्धतीत टपालातला एखादा जाणता कारकून सांगे, हे असे लिहा. नव्या पडद्यावर एक चौकट असते, आणि ती भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही. अशा वेळी माणूस काय करतो? शेजाऱ्याने मागच्या वेळी जो क्रमांक टाकला तोच टाकतो. चूक अशी एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जाते आणि सगळ्या गल्लीची होते.

आता २०२५ च्या पावसाळ्याकडे या. त्या दोन-अडीच महिन्यांत काय काय एकत्र आले ते एका ओळीत मांडले की माझे म्हणणे स्पष्ट होईल. ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत देशभरातली सुमारे १ लाख ६५ हजार टपाल कार्यालये टप्प्याटप्प्याने नव्या संगणक प्रणालीवर गेली. त्यासाठी ठिकठिकाणी एखादा दिवस व्यवहार बंद ठेवावे लागले. त्याच महिन्यात अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली जकातमाफी २९ ऑगस्टपासून काढून घेतली. जकात कोणी गोळा करायची आणि कशी भरायची हे विमान कंपन्यांनाही नीट कळले नव्हते, म्हणून भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेची जवळजवळ सगळी पार्सले घेणे थांबवले. ती सेवा पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला, जकात इथेच आगाऊ भरण्याच्या सोयीसह. मध्ये २२ सप्टेंबरला जीएसटीचे नवे दर लागू झाले. हस्तकलेच्या कितीतरी वस्तूंवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ वर आला, हे फार चांगले झाले, पण जीएसटी परिषदेचा निर्णय ३ सप्टेंबरचा. छापलेली बिलबुके आणि दरपत्रके बदलायला तीन आठवडेही मिळाले नाहीत.

आणि २२ सप्टेंबर हाच नवरात्राचा पहिला दिवस होता.

दक्षिणेत नवरात्र म्हणजे कोलू. घरोघरी पायऱ्या मांडून त्यांवर बाहुल्या बसवायच्या, दरवर्षी निदान एक नवी घ्यायची असा रिवाज. आमच्या तंजावुरी मराठी घरांतही तो मुरलेला आहे. घटाशेजारी कोलू असतो. बाहुलीवाल्याच्या वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा या दिवसांचा. न्यूजर्सीत किंवा कॅलिफोर्नियात गेलेल्या लेकी-सुनांना पाठवायच्या बाहुल्या ऑगस्टच्या शेवटी आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघतात, नाहीतर वेळेवर पोचत नाहीत. त्या वर्षी नेमक्या त्याच आठवड्यांत खिडकी बंद होती. १५ ऑक्टोबरला ती उघडली तोवर दसरा होऊन गेला होता.

अमेरिकेच्या निर्णयाचा दोष तुम्हाला देत नाही. तो तुमच्या हातातला नव्हता, आणि एकट्या भारताचीच ही गत झाली असेही नाही. जागतिक टपाल संघटनेच्या म्हणण्यानुसार २९ ऑगस्टला अमेरिकेकडे जाणारी टपाल वाहतूक आठवडाभरापूर्वीच्या तुलनेत ८० टक्क्यांहून जास्त घटली, आणि ८८ टपाल संस्थांनी सेवा पूर्ण किंवा अंशतः थांबवल्याचे कळवले. जगातल्या मोठमोठ्या संस्थांनाही तयारीला वेळ मिळाला नाही की काय होते, ते सगळ्यांनी पाहिले. मग ज्यांच्याकडे एक मोबाइल आणि मुलीच्या कॉलेजमधला उधार लॅपटॉप आहे, त्यांना तर तो वेळ हवाच. परदेशाचे निर्णय तुम्ही थांबवू शकत नाही. स्वतःच्या व्यवस्थांच्या तारखा मात्र तुमच्याच हातात असतात. तेवढ्यापुरतेच मी बोलतो आहे.

तयारी करून घेतली की काय फरक पडतो, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. ई-वे बिल १ फेब्रुवारी २०१८ पासून सक्तीचे व्हायचे होते. चाचणी सुरू झाली होती १६ जानेवारीला, म्हणजे सारे मिळून पंधरवडा. पहिल्याच दिवशी पोर्टल कोलमडले, ट्रक गोदामांच्या दारात उभे राहिले, आणि त्याच दिवशी सक्ती पुढे ढकलावी लागली. दुसऱ्यांदा १ एप्रिलला सुरुवात झाली ती शहाणपणाने: आधी फक्त राज्याराज्यांमधल्या वाहतुकीला, मग राज्यांतर्गत वाहतुकीला थोडी थोडी राज्ये घेत. महाराष्ट्राची पाळी मेअखेरीस आली, तमिळनाडूची २ जूनला. राज्याच्या आतल्या वाहतुकीलाही पहिल्या दिवसापासून ते लागू करणारे राज्य एकच होते, कर्नाटक. कर्नाटकातल्या व्यापाऱ्याला माल निघण्याआधी ऑनलाइन नोंद करण्याची सवय राज्याच्या ई-सुगम व्यवस्थेमुळे व्हॅटच्या काळापासून होती, आणि नवे ई-वे बिलही तिथे सप्टेंबर २०१७ पासून वापरात होते. पोर्टल सगळ्यांचे एकच होते. फरक होता तो हातांना झालेल्या सवयीचा.

युरोपानेही हेच केले. तिथे जकात न भरता सीलबंद माल एका देशातून दुसऱ्या देशात नेण्यासाठी एक सामाईक संगणकीय व्यवस्था आहे. तिचा नवा, पाचवा टप्पा आणताना त्यांनी २०२३ च्या अखेरीपासून जानेवारी २०२५ पर्यंत जुना आणि नवा नमुना शेजारी शेजारी चालू ठेवला. एक देश नव्यावर गेला आणि शेजारचा जुन्यावर असला तरी ट्रक सीमेवर अडू नये, म्हणून मध्ये संदेशाचे रूपांतर करण्याची सोय ठेवली. वर्षभराहून जास्त काळ दोन्ही सांभाळायला खर्च आला असेलच. तो खर्च सरकारांनी उचलला. ड्रायव्हरच्या आणि व्यापाऱ्याच्या वेळातून तो वसूल केला नाही.

ई-वे बिलाचीच आणखी एक बाब तुमच्या कानावर घालायची आहे, कारण ती आमच्या परिसराच्या मुळाशी जाते. सर्वसाधारणपणे ५० हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या मालाला ई-वे बिल लागते, एवढे सगळ्यांना पाठ आहे. पण जीएसटी नोंदणीतून सूट असलेला कारागीर हस्तकलेची वस्तू दुसऱ्या राज्यात पाठवतो, तेव्हा नियम १३८ प्रमाणे किंमत कितीही असली तरी ई-वे बिल लागते. तीनशे रुपयांची बाहुली ट्रान्सपोर्टने पुण्याला निघाली तरी लागते. तीच बाहुली पोस्टाने गेली तर लागत नाही, कारण टपाल खात्याच्या मालाला सूट आहे. नोंदणीची सूट हा लहान माणसाला दिलेला दिलासा; त्याच दिलाशापोटी त्याच्यावर एक असा कागद आला, जो मोठ्या दुकानदाराला तेवढ्याच मालासाठी करावा लागत नाही. हा नियम मी राजवाड्याच्या परिसरात ज्यांना ज्यांना सांगितला, त्यांनी तो पहिल्यांदा ऐकला. नियम लपवलेला नाही, राजपत्रात आहे. त्यांच्यापर्यंत तो कुणी आणून पोचवला नाही, इतकेच. त्यात तंजावूर ते पुणे रस्ता सुमारे बाराशे किलोमीटरचा, बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस, वाटेत गाडी बदलली की गाडीचा नंबर नव्याने भरायचा. ज्याने ते पान कधी उघडूनच पाहिलेले नाही, तो हे सगळे माल गाडीत चढल्यावर शिकणार का?

कागदावरचे वर्णन आणि गाडीतला माल जुळला नाही म्हणून गरीब वाटेत अडकतो, ही या देशात जुनीच कथा आहे. १७९९ च्या तहाने तंजावूरचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला, सरफोजी महाराजांकडे किल्ला उरला. त्या काळी कंपनीच्या मुलखात माल एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जाताना जकात पडे. बंगालमध्ये ती एकदा भरून व्यापारी रवाना, म्हणजे परवाना, घेई आणि पुढच्या प्रत्येक चौकीवर तो दाखवी. पोत्यांची संख्या, मालाचे नाव, मालकाचे नाव यांत काही वेगळे दिसले की माल चौकीवर पडून राही, आणि सुटका पैसे देऊन होई. कंपनीचा अधिकारी चार्ल्स ट्रेव्हेलियन याने १८३४ च्या अहवालात हे सारे उघडे केले. (पुढे १८५९ मध्ये हेच गृहस्थ मद्रासचे गव्हर्नर झाले.) बंगालमधल्या चौक्या १८३६ मध्ये गेल्या, मुंबई इलाख्यातल्या १८३८ मध्ये आणि आमच्या मद्रास इलाख्यातल्या १८४४ मध्ये. त्या अहवालातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की जकातीच्या रकमेपेक्षा अडवणुकीचे नुकसान जास्त होते, आणि ते सर्वांत लहान वाहतूकदाराचे सर्वांत जास्त होते. मोठ्या व्यापाऱ्याकडे चौकीदाराशी बोलायला माणूस असे. आज त्या माणसाच्या जागी कस्टम्स एजंट आहे, आणि तो आमच्याकडे आजही नाही.

तपासणी सैल करा असे मात्र मी म्हणत नाही. उलट, तंजावूरच्या माणसाने तसे म्हणूच नये. या भागातल्या देवळांतून मूर्ती चोरीला गेल्या आणि हस्तकलेचा माल म्हणून देशाबाहेर गेल्या. अरियलूर जिल्ह्यातल्या श्रीपुरंदानचा नटराज २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने विकत घेतला, आणि २०१४ मध्ये तो भारताला परत मिळाला. अशा मूर्ती बाहेर नेणाऱ्या सुभाष कपूरला नोव्हेंबर २०२२ मध्ये कुंभकोणमच्या न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा दिली. खोट्या वर्णनाचा एक कागद किती मोठे नुकसान करतो, हे आमच्याइतके कुणाला कळणार? म्हणूनच स्वामीमलैचा शिल्पी आज नवी मूर्ती पाठवताना ती पुरातन नसल्याचा पुरातत्त्व खात्याचा दाखला जोडतो आणि त्याबद्दल कुरकुर करत नाही. त्याचे मागणे एवढेच की हा दाखला नव्या अर्जात कुठे जोडायचा, फोटो किती मोठा चालतो, मूर्तीचे वजन आणि उंची दाखल्यावर आहे तशीच अर्जात लिहायची का, हे त्याला पार्सल बांधण्याच्या आधी कळावे. खरे बोलणाऱ्याला नीट बोलता आले तर तुमच्या अधिकाऱ्यालाही खोटे बोलणारा लवकर ओळखता येईल. नाहीतर शेकडो प्रामाणिक अर्ज चुकीचे दिसतात, आणि खरोखर तपासायला हवे ते पार्सल त्यांच्या गर्दीत निसटते.

आता मागणे काय आहे ते सांगतो.

यापुढे पोस्टाच्या निर्यातीचा अर्ज असो, ई-वे बिल असो की कस्टम्सचे पोर्टल असो, नवी आवृत्ती आणण्याच्या निदान तीन महिने आधी तिची सरावाची प्रत उघडा. खोटे नाव, खोटा पत्ता घालून सबंध अर्ज शेवटपर्यंत भरता यावा, चुकले तर का चुकले ते तमिळमध्ये दिसावे (मराठी मुलखात मराठीत, गुजरातेत गुजरातीत), आणि त्या सरावाची नोंद कुणाविरुद्ध वापरली जाऊ नये. जिथे हस्तकलेची निर्यात होते अशा गावांतल्या किती जणांनी निदान एकदा अर्ज शेवटपर्यंत नेला, ते मोजा, आणि सक्तीची तारीख त्या आकड्यावरून ठरवा. सर्व्हर तयार असल्याचा दाखला संगणकवाले देतील. माणसे तयार आहेत का, याचा दाखलाही कुणीतरी मागितला पाहिजे, आणि तो मागण्याचा अधिकार तुमचा आहे.

ऑगस्ट, सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये असा कोणताही बदल सुरू करू नका. दक्षिणेत कोलू, बंगालात पूजा, महाराष्ट्रात गणपती ते दिवाळी, सगळीकडे हस्तकलेचा हंगाम हाच. आर्थिक वर्षाच्या सोयीने तारखा ठरतात तशा या हंगामाचा विचार करूनही ठरू शकतात.

सुरुवातीच्या चुकांबाबत तुमच्याच मंडळाने एक चांगला पायंडा पाडलेला आहे. १४ सप्टेंबर २०१८ च्या परिपत्रकात तुम्ही सांगितले होते की ई-वे बिलात नावाचे स्पेलिंग, पिनकोड, पत्ता किंवा गाडीच्या नंबरातला एखाद-दुसरा आकडा चुकला, तर माल अडवून ठेवण्याची कारवाई करू नये. पाचशे-पाचशे रुपयांच्या किरकोळ दंडावर प्रकरण मिटवावे. ते परिपत्रक व्यवस्था सुरू झाल्यावर साडेपाच महिन्यांनी आले. तसेच परिपत्रक पुढच्या वेळी पहिल्याच दिवशी निघावे, टपालाच्या निर्यातीलाही लागू असावे, आणि पहिल्या सहा महिन्यांत वर्गीकरण क्रमांक चुकला तर पार्सल परत न पाठवता अर्ज दुरुस्त करण्याची मुभा असावी. बाहुली, चित्र, ताट, नेट्टी, पितळी मूर्ती या वस्तूंचे क्रमांक एकदा तुमच्या जाणकारांनी इथे येऊन, वस्तू हातात घेऊन ठरवावेत आणि चित्रांसह एका पानावर छापावेत. भौगोलिक मानांकन मिळालेली तंजावूरची बाहुली कोणत्या प्रकरणात बसते, हे ज्याचे त्याने अंदाजाने का ठरवावे?

तिरुचिरापल्लीला तुमचे सीमाशुल्क आयुक्तालय आहे, तिथून तंजावूर सुमारे तासाभराच्या अंतरावर. आषाढात इथे काम थोडे मंद असते, दुकाने दुपारची रिकामी असतात. तुमचा एक अधिकारी आणि टपाल खात्याचा एक माणूस आठवड्यातली एक दुपार सरावाच्या संगणकासह राजवाड्याजवळ बसला, तर अर्ज घेऊन येणाऱ्यांना बोलावून आणण्याचे, तमिळमध्ये समजावून सांगण्याचे आणि त्यांच्या अडचणी लिहून तुमच्याकडे पाठवण्याचे काम मी करीन. त्याचे कोणतेही मानधन नको. पहिली दुपार कोणती ठेवायची, तेवढे कळवावे.

आपला,
राजवाडा परिसरातला एक अर्जलेखक,
तंजावूर